आत विचारून सांगतो

भांड्यांच्या दुकानात किंमत नसते, सुरुवात असते. मी एखाद्या पातेल्याचे ‘साडेसातशे’ सांगतो, तेव्हा ते साडेसातशेला विकलं जाईल असं मला वाटत नसतं आणि समोरच्या बाईंनाही तसं ऐकू येत नाही. ‘या, बसा, बोलू या,’ एवढंच त्यांना ऐकू येतं. त्यावर बाई ‘चारशे’ म्हणतात. म्हणजे ‘बसते, पण मला घाई आहे.’ मग मी पातेलं उलटं करून त्याचं बूड दाखवतो. बाई बुडावर बोटाच्या पेराने टकटक करून ‘नुसता पत्रा आहे’ म्हणतात, मी दुखावल्यासारखा चेहरा करतो, आणि पावणेसहाशेला आम्ही दोघंही हरल्याचं सोंग करून व्यवहार संपवतो.

बाहेरच्या माणसाला यात खोटेपणा दिसतो. माझ्या जावयाला दिसतो. ‘बाबा, पावणेसहाशेच लिहून ठेवा ना. दोघांचाही वेळ वाचेल,’ असं तो म्हणतो. तो संगणकावर काम करतो, त्यामुळे वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे त्याला ठाऊक असावं. मला नाही.

दुकान विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत. वडील रविवार पेठेत दुसऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात नोकरीला होते, त्यांच्या हाताखाली मी हा धंदा शिकलो. पितळ वाजवून कसं ओळखायचं, तांब्याचा पत्रा कुठे पातळ निघतो, लग्नाच्या भांड्यांचा संच कसा मांडला की मुलीची आई जास्त वेळ थांबते, सगळं शिकलो. एकच गोष्ट जमली नाही. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. हलवायाला गोड चालत नसावं, तसा हा दोष. तोंडापर्यंत शब्द येतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि त्याचं ‘घ्या’ होऊन बाहेर पडतो.

दुकान टाकलं त्या वर्षी एक आजी आल्या. पितळी परात हवी होती. ‘तुझ्या आईसारखी आहे रे मी,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘घ्या.’ परात माझ्या खरेदीच्या खाली गेली. त्यावर त्यांनी फुकट नाव घालून घेतलं आणि जाताना झाऱ्यांच्या बरणीतला एक झारा उचलून ‘हा वरचा’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘न्या.’ हे सगळं माझी बायको सुनंदा मागे उभी राहून बघत होती. आजी गेल्यावर तिने विचारलं, “अहो, आपण दुकान टाकलंय की अन्नछत्र?”

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या मागच्या बोळकांडीला आपल्या जुन्या साडीचा पडदा लावला. आत एक खुर्ची, गॅसची शेगडी आणि भांड्यांवर नाव घालायचं यंत्र. “नाही म्हणायचं खातं माझ्याकडे,” ती म्हणाली. “तुम्ही बाहेर गोड बोला. अडलं की म्हणायचं, आत विचारून सांगतो.”

तेव्हापासून आमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. घासाघीस रंगात आली, समोरचा अगदी खाली उतरला, की मी कपाळाला हात लावून म्हणायचो, “मी दिलं असतं हो. थांबा, आत विचारून सांगतो.” आत जायचो. सुनंदा भाजी निवडत बसलेली असायची. मी हळू आवाजात आकडा सांगायचो, आणि ती मोठ्या आवाजात, आळंदी रस्त्यावर ऐकू जाईल अशा, म्हणायची, “मुळीच नाही! कसं परवडतं तुम्हाला?” मग बोटांनी खरा आकडा दाखवायची. मी पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येऊन तो सांगायचो. गिऱ्हाईकाला माझी दया यायची. कधी मी मुद्दाम तिच्या आकड्याच्या थोडं खाली देऊन टाकायचो आणि ‘जा लवकर, ती बाहेर यायच्या आत’ म्हणायचो. ते गिऱ्हाईक आयुष्यभराचं. आपल्या पातेल्यासाठी एक माणूस बायकोशी भांडला, याहून मोठी सूट कुठला दुकानदार देतो?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पितळ-तांबं वजनावर जातं, मग त्यात घासाघीस कसली, असं लोक विचारतात. वजनाचा भाव ठरलेला असला तरी मजुरी असते, घडणावळ असते, आणि सगळ्यांत मोठी भानगड म्हणजे मोड. जुनं भांडं आणून द्यायचं, त्याच्या वजनाचे पैसे नव्यातून वजा करून घ्यायचे किंवा रोख न्यायचे. जुन्यात डाग, कल्हई, चिकटलेली राख असते म्हणून आम्ही वजनातून काहीतरी कापतो. त्या कापण्यावरून जी भांडणं होतात, त्यापुढे लग्नातली मानपानाची भांडणं काहीच नाहीत.

मोडीवरूनच एकदा सुनंदाची खरी करामत मला कळली. चाकणला कारखान्यात असलेला, मूळचा यवतमाळकडचा एक माणूस पितळी गुंड घेऊन आला. चांगला जड, जुना, गळ्यापाशी नक्षी. मी वजन करून आकडा सांगितला.

“इतके कमी काऊन?” तो म्हणाला. “बरोबर लावा ना जी. माझी माय पाणी भरे याच्यात.”

मी थोडे वाढवले. त्याने आणखी मागितले. मी आणखी वाढवले. तो आणखी चढला. पोराच्या क्लासची फी भरायची आहे, असंही म्हणाला. मला त्याचा चेहरा बघवेना. बाजारापेक्षा वर आकडा गेला तेव्हा मी आत गेलो आणि सुनंदाला म्हटलं, “देऊन टाकतो. गरज आहे बिचाऱ्याला.”

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला तो विकायचा नाहीये. तुम्ही भाव वाढवत चाललात, त्यामुळे तो अडचणीत आलाय. घरी काय सांगणार, भाव मिळाला नाही म्हणून परत आणला असंच ना? मग तो भाव देऊ नका.”

मी बाहेर येऊन म्हटलं, “आत नाही म्हणतात.” त्या माणसाने गुंड इतक्या झटक्यात खांद्यावर घेतला की काटा हलत राहिला. “बरं झालं जी,” म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन, “म्हणजे, पाहतो दुसरीकडं,” असं पुटपुटत गेला. दुसरीकडे तो गेला नाही. आमच्या समोरून बसथांब्यावर गेला.

मी समोर बसून चेहरे बघत असे आणि फसत असे. तिला चेहरा दिसत नसे, नुसता आवाज यायचा.

तिलाही हात टेकायला लावले ते एका सबनीस बाईंनी. निवृत्त शिक्षिका, जन्म सदाशिव पेठेत गेला, आता मुलगा-सुनेबरोबर आमच्या मागच्या इमारतीत राहतात. त्यांची वेळ दुपारची, म्हणजे दुकान बंद ठेवून पुण्याचा दुकानदार झोपतो ती. मी झोपत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. येऊन स्टुलावर बसायच्या, एखादी कढई उचलायच्या.

“याला दांडी दिलीये की शोभेला लावलीये?”

“बाई, कंपनीचा माल आहे.”

“मग कंपनीला परत पाठवा. किती म्हणालात?”

मी आत जायचो, सुनंदा ओरडायची, मी बाहेर यायचो, बाई नवा आकडा सांगायच्या, मी पुन्हा आत. अशा माझ्या चार-चार फेऱ्या व्हायच्या. शेवटी त्या कढई जागेवर ठेवून ‘विचार करते’ म्हणून उठायच्या आणि पुढच्या दुपारी तीच कढई पुन्हा उचलायच्या. विचार करकरून त्यांनी वर्षाला एखादं भांडं घेतलं असेल.

तर असं आमचं चाललं होतं, आणि मग मानसीला, आमच्या मुलीला, दिवस गेले. ती आणि जावई निखिल बंगळूरला. पूर्वी मुलगी माहेरी यायची. आता तिचा दवाखाना तिकडे, नोकरी तिकडे, म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. सुनंदा निघाली. सव्वा महिना, असं बोलणं झालं होतं. मी काही हुज्जत घातली नाही, कारण सव्वा महिना ही सुरुवात आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सुरुवातीचा आकडा सांगणारा मी, घरातला पहिला आकडा खरा धरून बसलो.

नात झाली. सव्वा महिन्याचे तीन महिने झाले, कारण बाळ रात्रभर जागतं. तीनाचे सहा झाले, कारण मानसीची रजा संपली. सहानंतर आकडाच बंद झाला, ‘चांगली बाई मिळेपर्यंत’ आलं. मी फोनवर घासून बघितलं. म्हटलं, गणपतीला तरी या. “गणपतीत तिचं लसीकरण आहे.” म्हटलं, नवरात्रात? “बघते.” ‘बघते’ आणि ‘विचार करते’ यांतला फरक मला चांगला कळतो. काही नाही.

सुरुवातीला फोन हाच आमचा पडदा झाला. गिऱ्हाईक अडलं की मी म्हणायचो, “थांबा, विचारून सांगतो,” आणि बंगळूरला फोन लावायचो. सुनंदा तिकडून ठणकावून ‘मुळीच नाही’ म्हणायची, मी फोन कानापासून लांब धरायचो, म्हणजे समोर ऐकू जावं. पुढे पुढे मागून बाळाचं रडणं यायला लागलं. एकदा मी समईच्या जोडीचा भाव विचारला तर ती म्हणाली, “अहो, तिला भरवतेय. तुम्हीच ठरवा ना.” मग पुढच्या वेळीही तेच. तुम्हीच ठरवा. मी ठरवलं. समई खरेदीच्या भावात गेली.

जेवणाचं म्हणाल तर मी सहज शिकलो. दुकानात दीड लिटरचे कुकर असतात. शिकायला आलेली, एकेकटी राहणारी मुलं नेतात. इतकी वर्षं ते विकताना मी म्हणायचो, “घ्या, एकट्याला भरपूर.” त्यातला एक काढून घरी आणला. स्वतःच्या दुकानातून घेतल्यामुळे भाव करायला कुणी नव्हतं. सांगायचं म्हणजे, एकट्याला तो भरपूर नाही, जास्त आहे. वरण दोन दिवस पुरतं.

भाजी आणायला जाऊ लागलो आणि मंडईत घासाघीस करू लागलो. मला पैसे वाचवायचे नव्हते. भाजीवाली म्हणाली, “काका, दोन टोमॅटोंत काय भाव करताय? घ्या तसेच.” तसेच घेऊन काय करू? मला बोलायचं होतं.

दुकानातही बोलणं कमी होत गेलं. नवी मुलं येतात, भांडं हातात घेण्याआधी फोन हातात घेतात. ‘काका, ऑनलाइन दोनशेनं कमी आहे. मॅच करताय?’ मी म्हणतो, घ्या. ते कोड स्कॅन करतात, आणि टेबलावरच्या डबीतून एक बाई स्वच्छ आवाजात किती रुपये मिळाले ते सांगते. कित्येक दिवस दुकानात बाईमाणसाचा आवाज तेवढाच. डबी कधी ‘कसं परवडतं तुम्हाला’ म्हणत नाही.

मग मी एक वेडेपणा सुरू केला. फोन न लावता ‘आत विचारून सांगतो’ म्हणून पडद्यामागे जायचो. रिकाम्या खुर्चीकडे बघत, कॅलेंडरवरच्या तिथ्या वाचत थोडा वेळ उभा राहायचो आणि बाहेर येऊन सांगायचो, “नाही म्हणते.” आश्चर्य म्हणजे हे चाललं. आतून आवाज येत नाही याची कुणाला शंका आली नाही. मलाच हळूहळू आत जास्त वेळ लागायला लागला. भांड्यांवर नाव घालायचं सुनंदाचं यंत्र तिथे होतं. आता नावं मी घालतो. तिचं अक्षर मोत्यासारखं, अख्ख्या विश्रांतवाडीतल्या ताटांवर आहे. माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं.

एका दुपारी सबनीस बाईंच्या वेळी मी असाच आत जाऊन कॅलेंडर वाचून बाहेर आलो.

“काय म्हणतात आतले?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणते.”

“तुमच्या पडद्याआड कोणी नाही, हे अख्ख्या विश्रांतवाडीला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कधी कळणार आहे?”

मी पडदा सारखा केला. त्यांनी कढई जागेवर ठेवली. थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

मधे मी आठ दिवस बंगळूरला जाऊन आलो. नात गोड आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मी करणार काय? एका मोठ्या मॉलमध्ये भांड्यांचा विभाग दिसला तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं. एक तांब्या उचलून तिथल्या मुलीला म्हटलं, “शेवटचं काय लागेल?” तिने तांब्याच्या बुडावरची चिकटपट्टी दाखवली. मी म्हटलं, “हे कळलं. पण शेवटचं?” तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनीही चिकटपट्टीच दाखवली. मानसी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. सुनंदा हसत होती, आणि तिच्या ओळखीच्या बायका तिला हाका मारत होत्या. तिथे तिला सगळे ‘पुण्याच्या आजी’ म्हणतात. लिफ्टमध्ये लोक तिच्याशी बोलत होते. माझ्या मागे मी काय सोडून आलोय, तर बंद शटर, हे आठवून मी परत आलो.

गेल्या दिवाळीत सगळी पुण्याला आली. वसुबारसेपासून घर भरलं. सुनंदा दुकानात आली, पण पडद्यामागे गेली नाही. नात मांडीवर घेऊन बाहेर, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. आत बाळाला उकडेल, म्हणाली. खरंच उकडलं असतं.

धानोरीच्या एक बाई आल्या. भाऊबिजेला द्यायला स्टीलचा डबा हवा होता, बऱ्यापैकी मोठा. मी आकडा सांगितला, त्यांनी निम्मा सांगितला, मी दुखावलो, त्या थोड्या चढल्या. सगळं छान चाललं होतं. आणि मी सवयीने कपाळाला हात लावून म्हटलं, “मी दिला असता हो. थांबा, आत विचारून सांगतो.”

पडद्यामागे गेलो. खुर्ची रिकामी.

“अहो, मी इकडे आहे!” बाहेरून सुनंदा म्हणाली, आणि ती आणि धानोरीच्या बाई दोघीही हसल्या.

मी बाहेर आलो. बाईंनी तिलाच विचारलं, “मग तुम्हीच सांगा वहिनी, काय द्यायचे?”

सुनंदाने त्यांच्याकडे पाहिलं, नातीच्या तोंडावरचा लाडवाचा कण पुसला आणि म्हणाली, “देऊन टाका हो. सण आहे.”

मी डबा कागदात गुंडाळला. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ते तीन शब्द दुकानात ऐकले नव्हते. धानोरीच्या बाईंना वहिनी किती चांगल्या वाटल्या असतील. मला मात्र कळलं, की हिचं दुकान संपलं.

परत जायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात मानसीसाठी मेतकुटाच्या पिशव्या बांधत होती. मी आकडा तयार ठेवला होता. तुळशीच्या लग्नापासून सुरुवात करायची आणि संक्रांतीला सोडायचं.

“तुळशीचं लग्न झालं की येशील ना?” मी म्हटलं.

“एक सांगू का? भाव नका करू.”

“बरं. सांग.”

“मला तिकडे बरं वाटतं.” तिने पिशवीला रबर लावलं. “खाली बागेत बायका जमतात. कुणी चकलीची कृती मागते, कुणी बाळाला धर म्हणते. मी हो म्हणते. इथे सगळ्यांना माझ्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, आत बसलेली ती बाई नाही म्हणते.”

“ते धंद्यापुरतं होतं, सुनंदा.”

“तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. त्यांना कुठे माहीत होतं?”

पुढची पिशवी तिने मला धरायला दिली. मी धरली.

“तुम्ही या ना तिकडे.”

“आणि दुकान?”

“बंद करा असं मी कुठे म्हणतेय?”

“मग तू कधी येशील?”

“येत जाईन की,” ती म्हणाली.

आकडा नसलेलं बोलणं कानावर पडलं की आमच्या धंद्यात समजायचं, गिऱ्हाईक उठलं. मी नेहमीसारखं आणखी थोडं ताणून बघायला हवं होतं. पण तिचा चेहरा समोर होता. मी म्हटलं, “बरं.”

दिवाळीनंतर आठवडाभर दुकानात कुत्रं येत नाही. सबनीस बाई आल्या. तीच कढई उचलली.

“किती?”

“नऊशे.”

“सहाशे.”

“नऊशे.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी सहाशे म्हणाले.”

“ऐकलं. नऊशेच.”

“आत नाही जाणार?”

“नाही.”

“आणि वहिनी?”

“ती बंगळूरलाच राहील आता.”

त्यांनी कढई हातातल्या हातात फिरवली. “शेवटचं काय?”

“नाही परवडत, बाई.” माझे कान तापले होते. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. काहीच कोसळलं नाही. बाईंनी पर्स उघडली, नोटा टेबलावर ठेवल्या आणि कढई पिशवीत घातली.

“हे तुम्हाला आधी जमलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर माझ्या कितीतरी दुपारी वाचल्या असत्या.”

आणि गेल्या. व्यवहाराला एक कप चहाएवढाही वेळ लागला नव्हता. मी ताबडतोब सुनंदाला फोन लावला. शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखं मला झालं होतं.

“सबनीस बाईंनी कढई नेली,” मी म्हटलं. “नऊशेला. मी नाही म्हणालो. मी स्वतः.”

“सबनीस बाईंना?”

“हो.”

 मागे नात काहीतरी वाजवत होती.

“अहो,” सुनंदा म्हणाली, “त्या काय कढईसाठी येत होत्या का? मुलगा-सून दिवसभर ऑफिसला. तुम्ही थोडी बडबड करायची होती, थोडे पैसे सोडायचे होते.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही समोर बसत होतात,” ती म्हणाली. मग नात रडायला लागली आणि फोन ठेवावा लागला.

दुसऱ्या दुपारी सबनीस बाई आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. कढई मिळाल्यावर कशाला येतील? मी स्टूल पुसलं, जागेवर ठेवलं, पुन्हा पुसलं. डबीतली बाई दिवसभरात दोनदा बोलली. चौथ्या दुपारी मी फळीवरून एक झाकण काढलं, कढईच्या मापाचं, आणि शटर अर्धं ओढून मागच्या इमारतीत गेलो. जिना चढताना काय सांगायचं ते मनात पाठ करत होतो.

दार बाईंनीच उघडलं, साखळी लावून. फटीतून मला आणि झाकणाला पाहिलं.

“काय आहे?”

“कढईला झाकण लागतं.”

“मी मागितलं होतं?”

“नाही.”

“किती?”

“दोनशे.”

“शंभर.”

“बाई, जाड पत्रा आहे. वाजवून बघा.”

त्यांनी फटीतून हात काढून झाकणावर पेराने टकटक केलं. आत कुठेतरी टीव्ही कोणीही बघत नसताना चालू होता.

“पन्नास,” त्या म्हणाल्या आणि साखळी काढली. “आणि चपला बाहेर काढा.”